खाणावळीच्या स्वयंपाकघरातील हवा

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातून जळगाव रस्त्याने अजिंठ्याकडे निघालात की शहर संपता संपता हर्सूल लागते. तलाव, हरसिद्धी देवीचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह या तीन गोष्टींमुळे हे नाव बाहेरच्या लोकांना माहीत असते. आम्हा इथे राहणाऱ्यांना चौथी गोष्टही आठवते. ती म्हणजे रस्त्याच्या अंगाने असलेल्या खाणावळी आणि धाबे. त्यांतल्या एका खाणावळीत आमच्या महाविद्यालयाची पुष्कळ मुले जेवतात. एका मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, तिथे भाकरी थापणाऱ्या मावशी तव्यासमोरच चक्कर येऊन पडल्या. वेळीच बाहेर ओट्यावर आणून, पाणी शिंपडून वारा घातल्यामुळे त्या अर्ध्या तासात सावरल्या. संध्याकाळी मालक मला म्हणाले, "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग एवढं सांगा. भिंतीत नवा एक्झॉस्ट पंखा बसवला, छताला दुसरा पंखा आहे, तरी मावशींना चक्कर का आली?"

मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतले दोन तापमापक, जुन्या धोतराची एक चिंधी आणि उदबत्तीचा पुडा घेऊन मी त्या स्वयंपाकघरात गेलो. तिथे जे दिसले आणि त्यातून जे गणित निघाले ते तुमच्यापुढे मांडतो. यातले बरेचसे भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब करू. या खाणावळीत दिवसाला साधारण एक व्यावसायिक सिलिंडर संपतो. त्यात १९ किलो गॅस असतो. (घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो.) एक किलो गॅस जळला की सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे १९ किलोची झाली ८७४ मेगाज्यूल. शेगड्या दिवसातून आठ तास पेटलेल्या असतात असे धरले, तर आठ तासांचे सेकंद २८,८००. भागाकार करा. दर सेकंदाला सुमारे ३०,००० ज्यूल, म्हणजेच ३० किलोवॅट. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. तेव्हा त्या लहानशा खोलीत तीनशे माणसे कोंबून बसवली असती तर जेवढी उष्णता झाली असती, तेवढी त्या चार शेगड्या देत होत्या.

तुम्ही म्हणाल, ही उष्णता तर अन्न शिजवण्यात खर्च होते. काही अंशी खरे आहे. पण डाळ उकळते तेव्हा आत गेलेल्या उष्णतेचा मोठा भाग वाफ होऊन पुन्हा खोलीतच येतो. तापलेले टोप, तवे आणि शेगड्या उरलेली उष्णता सावकाश बाहेर टाकतात. ताटातून बाहेर जाते ती त्या मानाने थोडी.

आता त्याच सिलिंडरचा दुसरा हिशेब करू. तो माझ्या वर्गातल्या मुलांना नेहमी चकित करतो. गॅस कोरडा असतो, हात लावला तर ओला लागत नाही. पण तो मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या वायूंचा असतो आणि दोन्हींत हायड्रोजन भरपूर असतो. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ व हायड्रोजनचे ८ अणू असतात. जळताना त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ३ व पाण्याचे ४ रेणू तयार होतात. रेणुभार मांडून पाहा. ४४ ग्रॅम प्रोपेनपासून ७२ ग्रॅम पाणी! ब्युटेनचे प्रमाण थोडे कमी, ५८ ग्रॅमला ९० ग्रॅम. म्हणजे एक सिलिंडर जळला की सुमारे ३० किलो पाणी तयार होते. दोन मोठ्या बादल्या भरतील एवढे. ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते वाफेच्या रूपात खोलीच्या हवेत मिसळलेले असते. डाळ-भाताच्या टोपांतून निघणारी वाफ याशिवाय वेगळी.

माणूस थंड कसा राहतो?

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. काम करणाऱ्या माणसाच्या स्नायूंत उष्णता सारखी तयार होत असते. भाकरी थापणे, पीठ मळणे, टोप उचलणे या कामात दोन-अडीचशे वॅट सहज. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग तीन. त्वचेला लागून असलेली हवा तापून निघून जाणे हा पहिला, आजूबाजूच्या थंड वस्तूंकडे प्रारण हा दुसरा आणि घामाचे बाष्पीभवन हा तिसरा. त्वचेचे तापमान ३५ अंश धरा. हवाच ४१ अंश असेल तर पहिला मार्ग उलटा होतो, हवाच आपल्याला तापवू लागते. समोर तवा आणि डोक्यावर तापलेला पत्रा असेल तर दुसराही उलटा होतो. राहतो एकटा घाम.

पण घामाची ताकद विलक्षण आहे. एक लिटर घाम वाळला तर सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता तो शरीरातून घेऊन जातो. तासाला एक लिटर म्हणजे जवळजवळ ६७० वॅट! मात्र वाक्यातला 'वाळला तर' हा शब्द विसरू नका. हनुवटीवरून टपकलेला घाम शरीरातले पाणी व मीठ घेऊन जातो, उष्णता जवळजवळ नेत नाही.

याची एक जुनी आणि मजेदार साक्ष आहे. १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चार्ल्स ब्लॅग्डेन यांचा लेख प्रसिद्ध झाला. एक खोली भट्टीने तापवून ते आणि त्यांचे मित्र आत जाऊन बसले होते. हवेचे तापमान त्यांनी १२० अंशांच्याही वर नेले. म्हणजे पाणी उकळते त्याहूनही अधिक. माणसे काही मिनिटांनी धडधाकट बाहेर आली. त्याच हवेत ठेवलेली अंडी मात्र शिजून घट्ट झाली आणि मांसाचा तुकडा शिजून वाळला. फरक कशाचा? हवा कोरडी होती, माणसाला घाम येत होता आणि तो वाळत होता. (हा प्रयोग घरी करण्याचा नाही, हे सांगायला नकोच.) त्यांची आणखी एक नोंद आपल्या कामाची आहे. मांसाच्या तुकड्यावर भात्याने वारा घातला तेव्हा तो फारच लवकर, १३ मिनिटांत, शिजला. तापलेल्या हवेचा वारा थंड करत नाही, तो अधिक वेगाने भाजतो. स्वयंपाकघरातला छताचा पंखा आपण लावतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

पुढे १९०५ साली जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणीतल्या कामगारांच्या अभ्यासातून दाखवून दिले की माणसाला किती सोसेल हे साध्या तापमापकावरून ठरत नाही, ओल्या फुग्याच्या तापमापकावरून ठरते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की पाणी वाळते आणि पारा खाली उतरतो. तो फुगा म्हणजे जणू घामाने भिजलेला माणूस. हवा कोरडी तर पारा खूप उतरतो, दमट तर थोडाच.

मे महिन्यात दुपारी आमच्याकडे बाहेर ४१ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ओला फुगा २१-२२ अंशांवर थांबतो. म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा कितीही भाजणारा असला तरी घाम वाळवण्यात तो उदार आहे. बाष्पाच्या दाबावरून हे अधिक स्पष्ट होईल. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत बाष्पाचा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटर एवढा असतो. बाहेरच्या त्या हवेत तो फक्त ९. फरक ३३. मुंबईत त्याच दिवशी ३३ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब २६ आणि फरक १६. घाम वाळण्याचा वेग या फरकावर अवलंबून असतो. तेव्हा आठ अंशांनी थंड असलेल्या मुंबईत घाम जवळजवळ निम्म्याच वेगाने वाळतो.

आणि खाणावळीत? मी तव्यापासून दोन हात लांब, छातीच्या उंचीवर तापमापक धरले. कोरडा ४३ अंशांवर स्थिरावला, ओला ३१ वर. यावरून हवेतल्या बाष्पाचा दाब निघतो २८ मिलिमीटर, फरक फक्त १४. एका भिंतीच्या आत हर्सूलची उष्णता आणि मुंबईहूनही दमट हवा, असा तो दुहेरी मार होता. मावशींना चक्कर का आली याचे उत्तर एवढ्यातच मिळाले होते. पण मालकांचा प्रश्न पंख्याचा होता.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याखाली केलेल्या नियमांत कामाच्या जागी ओल्या फुग्याचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातलेली होती. नियम चांगला, शास्त्राला धरून. पण त्याच कायद्यातल्या 'कारखाना' या शब्दाच्या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह आणि खाण्याची जागा स्पष्टपणे वगळलेली होती! जिथे सर्वांत जास्त जाळ, तीच जागा व्याख्येबाहेर. कायदे करणाऱ्यांच्या मनात त्या वेळी कारणे असतील, पण शरीराला व्याख्या कळत नाही.

उदबत्तीने काय सांगितले?

मी उदबत्ती पेटवून एक्झॉस्ट पंख्याजवळ धरली. धूर झपकन ओढला गेला. पंखा उत्तम चालत होता. मग उदबत्ती हळूहळू खाली, शेगडीकडे नेली. हातभर अंतरावर धूर सरळ वर जाऊ लागला, पंख्याकडे ढुंकूनही बघेना. आणि पंख्याच्या अगदी शेजारी, फूटभर अंतरावर, एक उघडा झरोका होता. तिथे उदबत्ती धरली तर धूर आत येत होता. सगळा उलगडा झाला. पंखा बाहेरची हवा झरोक्यातून घेत होता आणि तीच पुन्हा बाहेर फेकत होता! खोलीतली हवा जिथल्या तिथे. खालच्या खिडक्या माश्या येतात म्हणून आणि वाऱ्याने जाळ फडफडतो म्हणून बंद होत्या.

लक्षात घ्या, पंखा हवा तयार करत नाही. एक घनमीटर बाहेर जायची तर एक घनमीटर कुठून तरी आत आली पाहिजे. ती कुठून येते आणि वाटेत कोणाला भेटते, यावर सगळे अवलंबून आहे. हवा नेहमी सोपी वाट धरते. तिला शेगडीवरून जायला लावायचे असेल, तर येण्याची वाट आणि जाण्याची वाट यांच्यामध्ये शेगडी आली पाहिजे.

किती हवा लागेल? ३० पैकी २० किलोवॅट हवेत मिसळतात असे समजू. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. इथल्या उन्हाळी हवेच्या एका घनमीटरचे वस्तुमान सुमारे १.०५ किलो भरते. एक किलो हवा एक अंशाने तापायला सुमारे १,००० ज्यूल लागतात. बाहेरच्या हवेपेक्षा खोलीतली हवा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही असे ठरवले, तर एका घनमीटरला १०,५०० ज्यूल नेता येतील. २०,००० ला १०,५०० ने भागा. सेकंदाला १.९ घनमीटर हवा हवी. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ९० घनमीटरांची. ती सगळी हवा पाऊण मिनिटाला एकदा बदलायला हवी! आणि एवढे करूनही आत बाहेरच्यापेक्षा १० अंश जास्तच. बाहेर ४१, तर आत ५१. असा हा खेळ हवा ढवळून जिंकता येत नाही.

मग उपाय काय? गरम हवा खोलीत मिसळूच द्यायची नाही. पेटलेल्या शेगडीवर धुराचा जो खांब उभा राहतो, तो सुरुवातीला अरुंद आणि फार तापलेला असतो. वर जाता जाता तो आजूबाजूची हवा ओढून घेतो, रुंदावतो, थंड होतो. तो अरुंद आहे तोवरच त्याच्यावर पत्र्याची टोपी धरली आणि टोपीतून हवा बाहेर नेली, तर बाहेर जाणारी हवा १० अंशांऐवजी ३० अंशांनी अधिक तापलेली असेल. म्हणजे तेवढीच उष्णता न्यायला एक तृतीयांश हवा पुरे, सेकंदाला ०.६३ घनमीटर. पंखा लहान, वीज कमी आणि वाफही वाटेतच पकडली जाते. टोपी शेगडीच्या कडेपेक्षा वीतभर तरी बाहेर यायला हवी, कारण धुराचा खांब वर रुंद होतो. आणि छताचा पंखा बंद हवा. तो त्या खांबाला मोडून सगळी गरम हवा पुन्हा माणसांच्या डोक्यावर आणतो. ब्लॅग्डेन यांचा भाता आठवा.

पंखाच नसेल तर? आपल्या जुन्या घरांत चुलीवर छताला धुराडे असे. तापलेली हवा हलकी होते व वर चढते, या अभिसरणावर ते चालते. त्याचा जोर काढता येतो. खालची वाट आणि वरची वाट यांत ३ मीटर अंतर आहे, आतली हवा १० अंशांनी जास्त गरम आहे, तर दाबातला फरक निघतो जेमतेम १ पास्कल, म्हणजे पाण्याच्या एक दशांश मिलिमीटर थराएवढा. कागदाच्या चिटोऱ्यालाही हसू येईल असा. तरी या फरकाने हवेला घर्षण धरले नाही तर सेकंदाला १.३६ मीटर वेग मिळतो. प्रत्यक्षात वळणे, कडा, जाळी यांमुळे त्याच्या निम्म्याहूनही थोडा कमी धरा, ०.६. आपल्याला १.९ घनमीटर न्यायची असेल तर वर सुमारे ३ चौरस मीटरांची उघडी जागा हवी आणि खाली तेवढीच. एका दाराएवढी नव्हे, जवळजवळ दोन दारांएवढी! खाणावळवाले छतात फूटभर चौकोनी भोक ठेवतात आणि 'धुराडे आहे' म्हणून समाधान मानतात. उंची दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, वर्गमुळाच्या पटीत, १.४ पट होतो. गुऱ्हाळाची आणि वीटभट्टीची चिमणी एवढी उंच का, हे आता ध्यानात येईल. तिथे हवा दहा नव्हे, शेकडो अंशांनी तापलेली असते, म्हणून ती जोराने ओढते.

वारा ज्याला अडवू शकत नाही, ती गोष्ट म्हणजे प्रारण. आमचे शहर नान-खलियासाठी प्रसिद्ध आहे. तंदूरची आतली भिंत ४२७ अंश, म्हणजे ७०० केल्विन तापली आहे असे धरा. स्टेफान-बोल्ट्झमन नियमाने तिच्या तोंडातून दर चौरस मीटरला १३.६ किलोवॅट प्रारण बाहेर पडते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून जवळजवळ १,००० वॅट. नान लावणारा त्या तोंडावर वाकतो तेव्हा तो विजेच्या पेटत्या शेगडीवरच वाकत असतो. कितीही थंड वारा सोडा, प्रारण हवेला न विचारता आरपार येते. त्याला अडवायला मध्ये काहीतरी उभे करावे लागते. तोंडाला झाकण हवे आणि बाजूला चकचकीत पत्रा. पत्रा काळा असला तरी तो निम्मे प्रारण परतवतो, चकचकीत असला तर त्याहून पुष्कळ जास्त.

छताचा पत्राही विसरू नका. मे महिन्यातल्या उन्हात तो ६० अंशांच्या पुढे जातो. धुराने आतून काळा झालेला, ६२ अंशांचा पत्रा आपल्या त्वचेकडे दर चौरस मीटरला २०० वॅट निव्वळ उष्णता पाठवतो. वरून चुन्याचे दोन जाड हात दिले तर तो कितीतरी कमी तापतो. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

कूलरविषयी मुले हमखास विचारतात. कूलर ४१ अंशांची कोरडी हवा २७-२८ अंशांवर आणतो, पण तिच्यातला बाष्पाचा दाब ९ वरून १६ मिलिमीटरपर्यंत वाढवतो. बंद स्वयंपाकघरात तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करत राहिलात तर काही वेळाने घाम वाळणेच थांबेल. पण कूलर खिडकीत बसवून त्याची हवा माणसाच्या पाठीकडून आली, शेगडीवरून गेली आणि टोपीतून बाहेर पडली, एकदाच, तर तोच कूलर वरदान ठरतो. जुलैत मात्र बाहेरची हवा आधीच ओली असते. तेव्हा कूलर बंद आणि खिडकी उघडी.

आता एक गंभीर गोष्ट सांगतो, ती चटकन विसरू नका. १९ किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे २८० घनमीटर हवा लागते, त्या खोलीत मावते त्याच्या तिप्पट. ती मिळाली नाही तर ज्योत निळ्याची पिवळी होते, टोपाच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर ही त्याची लक्षणे उष्णतेच्या त्रासासारखीच असतात, म्हणून फसगत होते. थंडीत दार लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपणारी माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच कारणाने. खाणावळीत काजळी दिसली की आधी हवेची वाट बघा, मग बर्नर साफ करा.

जाळच स्वयंपाकघराबाहेर नेला तर? आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिर्डीत साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ साली असेच केले गेले. प्रत्येकी १६ चौरस मीटरांचे ७३ अंतर्वक्र आरसे छतावर बसवण्यात आले. वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या पद्धतीचे हे आरसे सूर्याबरोबर फिरतात आणि सूर्यकिरण एका जागी एकवटून पाण्याची वाफ करतात. दिवसाला सुमारे ३,५०० किलो वाफ अशी या यंत्रणेची क्षमता सांगितली गेली. ती नळातून खाली मोठमोठ्या भांड्यांपर्यंत नेली जाते. आपण आपला हिशेब लावू. एवढ्या वाफेचा अप्रकट उष्मा सुमारे ७,९०० मेगाज्यूल. तेवढ्यासाठी गॅस लागला असता १७० किलो, म्हणजे नऊ सिलिंडर, तेही सगळी उष्णता पाण्यातच गेली असे धरून. त्या नऊ सिलिंडरांच्या ज्वलनातून निघालेले पावणेतीनशे लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत आले असते. ते टळले. इंधन वाचले हे तर सर्वच सांगतात. मला त्या टोपांजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांचा विचार आधी येतो. वाफेवर चपाती भाजत नाही, हे मात्र खरे. तव्याला जाळ लागतोच.

हर्सूलच्या खाणावळीत आरसे बसवणे शक्य नव्हते. मालकांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची टोपी करून घेतली आणि तोच जुना पंखा टोपीच्या नळीत बसवला. शेजारचा झरोका विटांनी बुजवला. समोरच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीला, माश्यांची बारीक जाळी लावून दोन खिडक्या काढल्या. खालून येणारी हवा संथ असते, जाळ फडफडत नाही. छताचा पंखा काढून जेवायच्या खोलीत लावला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा तापमापक घेऊन गेलो. दुपार तशीच, बाहेर ऊनही तसेच. कोरडा पारा थोडाच उतरला होता. मालकांचा चेहरा पडला. पण ओला फुगा २५ च्या आसपास होता! मी त्यांना समजावू लागलो, तेवढ्यात मावशींनीच निकाल दिला: "घाम वाळतोय की सर आता. पदर ओला राहत नाही." तव्यासमोरची धग मात्र कमी झालेली नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती बरोबर होती. प्रारणाला आपण हात लावलेलाच नव्हता. त्यांच्या आणि शेजारच्या तव्यामध्ये आता तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा उभा आहे. तो रोज राखेने घासून चकचकीत ठेवायचा, एवढे मी मावशींना सांगितले आहे.

तुमच्या शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात, वसतिगृहात किंवा लग्नाच्या मांडवामागे हे मोजमाप तुम्हाला करता येईल. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळा आणि तिचे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा. जाळाचे थेट प्रारण लागू नये म्हणून दोन्हींच्या आड पुठ्ठा धरा आणि वहीने सावकाश वारा घाला. ओला पारा स्थिर व्हायला पाच मिनिटे द्या. सोबत शिक्षक असू द्या आणि उकळत्या टोपापासून दूर उभे राहा. मग उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरा आणि धूर कुठे आत येतो, कुठे बाहेर जातो, हे कागदावर बाणांनी काढा. स्वयंपाक करणाऱ्या काकूंना किंवा मामांना मात्र आधी विचारा. त्यांना कोपऱ्याकोपऱ्यातली हवा ठाऊक असते आणि तुमचा नकाशा कुठे चुकला हे तेच पहिल्यांदा सांगतील.